गव्यावर झाडलेली गोळी

अण्णांची रायफल सांगलीहून आली तेव्हा मी कॉलेजात होते. अण्णा म्हणजे माझे वडील. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन शेती करू लागले. आमचं गाव शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात. उसाचे फड संपून डोंगर चढायला लागतो, त्या अंगाला. आमचा गूळ सांगलीच्या पेठेत एका म्हाताऱ्या अडत्याकडे जायचा. त्याच्या आजोबांना शिकारीचा नाद होता. शिकारीला मुभा होती त्या काळातली त्यांची रायफल लोखंडी कपाटात पडून होती. अडत्याची मुलं पुण्याला होती आणि त्यांना ती नको होती. "पोलिसांत जमा करून टाका," म्हणायची. म्हाताऱ्याचं मन होईना. त्याने अण्णांना विचारलं, "हवालदार, तुम्ही सांभाळाल का हिला?"

अण्णांकडे पिकाच्या राखणीचा परवाना होता आणि त्यावर एक जुनी एकनळी बंदूक होती. ती त्यांनी विकली, कलेक्टर कचेरीत खेटे घालून परवान्यावर नवी नोंद करून घेतली आणि रायफल चादरीत गुंडाळून एसटीने घरी आणली. आई म्हणाली, "लोक सांगलीस्नं हळद आणत्यात."

ती बोल्ट अ‍ॅक्शन होती, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने मेहनत. मूठ वर उचलून बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडायचं, पुढे ढकलला की नवं नळीत जायचं आणि मूठ खाली दाबली की कुलूप बसायचं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. काडतूस तर गावाने कधी पाहिलंच नव्हतं असं, माझ्या तर्जनीपेक्षा लांब आणि बुडाशी पितळेचं कडं. "मॅग्नम म्हणत्यात ह्याला," अण्णा सांगायचे. "दारू जास्त, ताकद जास्त. हत्ती-गव्यासाठी केल्यालं काडतूस हाय हे. डुकराला मारलं तर रश्शाला काय उरायचं न्हाई." लोक हसायचे. अण्णा हे वाक्य ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. आम्हाला ते पाठ झालं होतं, गावालाही.

डुकरावर ती त्यांनी कधी चालवलीच नाही. रायफलीबरोबर मूठभर जुनी काडतुसं आली होती तेवढीच. सांगलीच्या बंदुकांच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने हात वर केले, या मापाचं आता येत नाही म्हणाला. म्हणून ऊस पोसवला की अण्णा रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवत आणि रायफल घरात तेल खात पडलेली असे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. निकाल लागला की आणायची आणि "ह्या लोकांनी फडकं म्हणून मारलं न्हाई" असं पुटपुटत सगळी दुपार पुसत बसायची. एवढाच तिचा आणि आमचा संबंध. घरात एखादा देव असावा, त्याची पूजा व्हावी आणि त्याच्याकडे कुणी काही मागू नये, तसं होतं ते.

शेजारचं शेत काकांचं. काका म्हणजे अण्णांचे धाकटे चुलतभाऊ. दोघांची विहीर एक, मोटर एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. अण्णा मिलिटरी कॅन्टीनमधून बाटली आणायचे ती दोघांत संपायची. काकांना एकच मुलगी. माझ्याहून पुष्कळ लहान. तिला वनरक्षक व्हायचं होतं. ती रोज पहाटे चांदोलीच्या रस्त्याने धावायची. मी तोवर लग्न होऊन साताऱ्याला आले होते, तिथल्या एका शाळेत गणित शिकवत होते. भरतीच्या परीक्षेचं गणित तिला मीच शिकवायचे, व्हिडिओ कॉलवर, वहीतल्या आकृत्या दाखवत. हुशार पोरगी. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

मी नाताळच्या सुट्टीत गावी गेले होते, तेव्हाची ही गोष्ट.

सकाळी गलका ऐकू आला. डोंगरातून एक गवा उतरून गावात आला होता. आमच्याकडे गवे नवीन नव्हते. कळप रात्री उसात यायचा आणि उजाडायच्या आत परत जायचा. पण हा एकटाच होता, मोठा नर, कळपातून हुकलेला. काळाभोर, पाठीवर उंचवटा, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. गुमान डोंगराकडे निघाला असता. पण गावातली पोरं मोबाइल काढून त्याच्या मागे लागली. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी मोटरसायकल आडवी घालत होतं. जनावर वाट मिळेल तिकडे धावायचं, कुंपणावर आदळायचं आणि परत फिरायचं. तोंडाला फेस आलेला.

पाच-सहा जण आमच्या ओसरीवर आले. "अण्णा, बंदूक काढा."

अण्णा दाढी करत होते. म्हणाले, "कशाला? त्येनं काय केलंय तुमचं?"

"आवं, एकांद्याला मारंल त्यो."

"तुमी मागं लागला न्हाई तर न्हाई मारायचा. सरकारी जनावर हाय ते. फॉरेस्टला फोन करा आन् घरात बसा."

ते निघून गेले. जाताना एक जण मोठ्याने म्हणाला, "एवढी मॅग्नम मॅग्नम करत्यात, येळंला बगा." अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फॉरेस्टला त्यांनी स्वतः फोन लावला. माणसं निघालीत, असं पलीकडून सांगितलं.

मग काकी आली. अनवाणी, पदर सुटलेला. तिला धाप लागली होती. "भावजी, पोरांनी त्येला आमच्या फडाकडं हाकललाय. हे सकाळधरनं तिकडं पाणी पाजत्यात. फोन उचलत न्हाईत."

अण्णा उठले. गालावर साबण तसाच. कपाट उघडलं, रायफल काढली, हाताला लागली ती तीन काडतुसं भरली आणि चालू लागले. धावले नाहीत, भराभर चालले. त्यांच्या मागे काकी आणि काकीच्या मागे मी.

बांधावर पोचलो तेव्हा काका पाटात पडलेले होते. गव्याने त्यांना एकदा उडवलं होतं. ते उठायचा प्रयत्न करत होते आणि एक हात उचलत नव्हता. गवा थोडा पुढे जाऊन वळला. त्याच्या पलीकडे पोरांची फळी होती, आरडाओरडा करत. मागे जायला त्याला वाव नव्हता. त्याने मान खाली घातली. पोरं ओरडली, "मारा, अण्णा! मारा!" काकी ओरडली. मीही ओरडले असेन.

अण्णांनी एक गुडघा टेकला. बोल्ट मागे-पुढे केला. नेम धरला. टक् एवढाच आवाज झाला. काडतूस जुनं, उडालंच नाही. गवा निघाला होता. अण्णांनी नंतर मला सांगितलं, असं झालं की थांबायचं असतं, उशिरानं उडतं कधीकधी, तोंडावर फुटतं, पलटणीत हे पहिल्यांदा शिकवतात. ते थांबले नाहीत. बोल्ट ओढला, ते काडतूस गवतात पडलं, दुसरं चढवलं आणि झाडलं. माझ्या कानात दडे बसले. गवा तरी येतच होता. पुन्हा बोल्ट, पुन्हा गोळी. मग त्याचे पुढचे पाय दुमडले आणि तो काकांपासून गाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर कोसळला. घशातून घरघर येत राहिली, बराच वेळ.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. ते गव्याजवळ गेले, खाली बसले आणि त्याच्या डोळ्यावर हात फिरवून आले. मग फॉरेस्टला पुन्हा फोन लावला. "गवा मी मारलाय," म्हणाले. "माणसावर आलता. मी हितंच हाय. या." स्वतःहून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, फॉरेस्टचं कुणी अजून आलंही नव्हतं. पंधरा-वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला वाटलं, खरा रिपोर्ट दिला की काम संपतं.

मी आणि काकी काकांना शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून कराडला निघालो. त्यामुळे पुढचं मला तेव्हा कळलं नाही. पोरांनी अण्णांना गव्याशेजारी उभं केलं. "अण्णा, एक फोटू. आवं, रावा उभं." अण्णा उभे राहिले. फोटो काढायचा म्हटलं की ते आपोआप ताठ व्हायचे, छाती पुढे, हनुवटी वर. हातात रायफल, पायाशी गवा, गालावर वाळलेला साबण.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काकांना विचारलं, कशानं लागलं. काका म्हणाले, "गाडीवरनं पडलो." मी चमकून बघितलं. काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं, अण्णांवर बालंट येऊ नये म्हणून बोलताहेत. एवढ्या दुखण्यातसुद्धा भावाचा विचार करतोय हा माणूस, असं वाटलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, मोटरसायकलवरून पडून खांद्याचं हाड मोडलं. मी गप्प राहिले. आजही मला ठरवता येत नाही की काका तेव्हा खरंच अण्णांसाठी बोलले की त्यांच्या डोक्यात तेव्हाच दुसरं काही चाललं होतं. ठरवता आलं असतं तर एक तरी गोष्ट सोपी झाली असती.

परत आलो तेव्हा फॉरेस्टची माणसं पंचनामा करत होती. आधी ते अण्णांशी बरेच अदबीने बोलत होते. रेंजर साहेबांनी चहासुद्धा घेतला. जीव वाचवण्यासाठी मारलं असेल तर कायद्यात सूट आहे, म्हणाले, फक्त जबाब नीट होऊ देत. रायफल आणि गवतातलं न उडालेलं काडतूस त्यांनी ताब्यात घेतलं.

तोवर फोटो पसरला होता. आधी गावाच्या ग्रुपवर, मग तालुक्याच्या, मग सगळीकडे. खाली कुणी लिहिलं, 'गव्याची शिकार करून मिरवणारा नराधम'. पुण्या-मुंबईच्या प्राणिप्रेमींनी वरपर्यंत तक्रारी केल्या. रेंजर साहेबांचा आवाज बदलला. दोन दिवसांनी अण्णांना अटक झाली. जामीन होईपर्यंत ते कोठडीत राहिले. मी भेटायला गेले तर म्हणाले, "चप्पल न्हेऊ देत न्हाईत आत. बाकी बरं हाय." जन्मभर बूट चकचकीत ठेवणारा माणूस.

पोरांकडे व्हिडिओ होते. गवा काकांवर जाताना स्पष्ट दिसतो असाही एक होता, मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच्या मोबाइलवर पाहिला होता. पण गव्याला पिटाळणाऱ्यांवरही गुन्हा दाखल होणार अशी कुणकुण लागली आणि एका दुपारीत सगळे व्हिडिओ पुसले गेले. "आमी आवाज ऐकला, बघितलं न्हाई," असे जबाब झाले. सगळ्यांचे सारखेच. जणू गावाने एकच जबाब शिजवला आणि वाटीवाटीने घरोघर वाढला.

राहिले काका. आमचे वकील म्हणाले, "त्यांच्यावर सगळं आहे. गवा माणसावर आला होता हे तो माणूसच सांगू शकतो. नाहीतर ही शिकार ठरेल." पण फॉरेस्टपुढे काकांनी जबाब दिला होता की ते त्या दिवशी शेतात नव्हतेच. बाजाराला चालले होते, वाटेत गाडी घसरली.

अण्णांना हे पटेना. "घाबरून बोलला असंल. मी समोर असताना न्हाई बोलायचा."

मी काकांच्या घरी गेले. काका पलंगावर बसले होते, खांद्याला अजून पट्टा होता. मला बघून भिंतीकडे वळले. काकी मला परड्यात घेऊन गेली.

"बाय, तुला म्हाईत हाय न्हवं, पोरीची भरती हाय," ती म्हणाली. "फॉरेस्टात. आन् ह्यांनी फॉरेस्टच्या विरुद्ध उभं ऱ्हायचं?"

"कुणी तसं म्हणालं का तुम्हाला? कुणी धमकी दिली?"

"कुणी कशाला म्हणाय पायजे? आमाला कळत न्हाई व्हय?"

"काकी, तूच आली होतीस पळत. तूच आणलंस अण्णांना."

तिने हंड्यातलं पाणी उगाचच दुसऱ्या हंड्यात ओतलं. "आणलं. न्हाई कुठं म्हणते? पन माझी एकुलती एक पोर हाय गं. भावजींचं काय, वय झालं, पेन्शन हाय. सुटतील."

आतल्या खोलीच्या दारात त्यांची मुलगी उभी होती, हातात पुस्तक घेऊन. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती आत गेली.

केस उभी राहायला दोन वर्षं गेली. तारखा पडत राहिल्या. अण्णा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून तालुक्याच्या कोर्टात जायचे आणि बाकावर ताठ बसून राहायचे. त्यांच्या बाजूने साक्षीला मी उभी राहिले. पाहिलं ते सगळं सांगितलं. सरकारी वकील तरुण होते, आवाज मऊ होता. त्यांनी विचारलं, "आरोपी आपले कोण?"

"वडील."

"आपण जखमीसोबत दवाखान्यात होतात?"

"हो."

"डॉक्टरांना आपण सांगितलंत का, की हे गव्यामुळे झालं?"

"नाही. काकांनी सांगितलं होतं की…"

"आपण सांगितलंत का, एवढंच विचारलं."

"नाही."

"म्हणजे एक तर आपण तेव्हा खोट्याला साथ दिलीत, नाहीतर आता खोटं बोलताय."

मी शाळेत मुलांना शिकवते की दोन शक्यता मांडल्या म्हणजे तिसरी संपत नाही. तिथे मला ते सांगता आलं नाही. ते बसता बसता म्हणाले, "मुलगी वडिलांसाठी बोलणारच. त्यात गैर काही नाही." त्यांनी मला माफ केलं, असा त्यांचा स्वर होता. मी जे डोळ्यांनी पाहिलं त्याला माझ्या नात्याने कवडीची किंमत ठेवली नाही.

एका तारखेला रायफल कोर्टात आली, कापडात गुंडाळलेली, लाखेची मोहोर लावलेली. उघडली तेव्हा नळीवर तांबूस डाग चढलेले दिसले. अण्णांचा हात बाकावरून अर्धा उठला आणि परत खाली गेला. सरकारी वकिलांनी काडतूस दाखवून विचारलं, डुकरांपासून पीक राखायला असलं काडतूस कोण ठेवतं? गावातला एक जण साक्षीला होता, आमच्या ओसरीवर नेहमी चहा प्यायलेला. त्याने सांगितलं, "ते म्हणायचे, हत्ती-गव्यासाठी केल्यालं काडतूस हाय." हे तर खरंच होतं. सबंध खटल्यात गावाने खरं बोललेलं एवढंच एक वाक्य. न उडालेल्या काडतुसाचंही सरकारी वकिलांनी उलटंच केलं. पहिलं वाया गेलं तरी आरोपी थांबला नाही, पुन्हा पुन्हा नेम धरला, यावरून त्याचा इरादा दिसतो, म्हणाले. थांबला असता तर काय झालं असतं, हे सांगणारा माणूस अजून यायचा होता.

आमचे वकील काकांना बोलवायला तयार नव्हते. "फितूर होईल, आपलाच घात होईल," म्हणाले. अण्णांनी हट्ट धरला. "त्येला उभा करा. माझ्याकडं बघून खोटं बोलायचा न्हाई त्यो. एका ताटात जेवलोय आमी."

काका आले. पांढरी टोपी, एक खांदा खाली उतरलेला, तो कायमचाच तसा राहिला. शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होता?"

काकांनी अण्णांकडे बघितलं. मान वळवली नाही, डोळे खाली घातले नाहीत, सरळ बघितलं आणि म्हणाले, "बाजाराला चाललो हुतो. वाटंत पडलो. गव्याचं मला काय म्हाईत न्हाई."

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर अण्णा माझ्यापासून जरा लांब उभे राहिले. चहा तसाच गार झाला. मग म्हणाले, "बघितलंस? बघून बोलला." एवढंच. पण त्या दिवसानंतर ते कोर्टाच्या बाकावर ताठ बसले नाहीत. पाठीला टेका लागायचा.

निकाल लागला. अण्णा सुटले. वकिलांनी हसत हसत हात मिळवला. सरकार पक्षाला इरादा सिद्ध करता आला नाही, आरोपीने स्वतः कळवलं होतं, म्हणून संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. आईने तिथेच हात जोडले. अण्णांनी वकिलांना विचारलं, "संशयाचा फायदा म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही गुन्हा केला असं नक्की म्हणता येत नाही. म्हणून सोडलं."

"म्हंजी संशय हाय अजून."

"अहो हवालदार, सुटलात ना?"

"न्हाई, सुटलो. पन मी एक माणूस वाचवला, आसं कुठं लिवलंय का त्यात?"

वकिलांनी घड्याळ बघितलं. त्यांची दुसरी केस होती.

परवाना आधीच रद्द झाला होता. तो परत मिळवता येईल, रायफल सोडवता येईल, फक्त अर्ज करा, असं वकील म्हणाले होते. मी अर्ज लिहून गावी नेला. अण्णांनी सही केली नाही. "कुणासाठी सोडवू?" म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यासाठी. तर म्हणाले, "मला लोकांनी मारा म्हटलं तर मी आता मारायचो न्हाई. मग ती घरात ठेवून काय करू?" त्या वाक्याची मला भीती वाटली. अण्णा असं बोलणारा माणूस नव्हता. शेजारचं घर पेटलं तर हा माणूस आधी घागर उचलणारा.

विहीर अजून सामाईक आहे. अण्णा पाण्याच्या पाळीला आता गडी पाठवतात. काकांशी बोलणं नाही, भांडणही नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं आई म्हणते. काकांनी मात्र ती बाजाराची गोष्ट धरून ठेवली आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगतात. त्या दिवशी कोणत्या वाटेने निघाले, कुठल्या वळणावर खडी होती, गाडी कशी घसरली. दर वेळी त्यात थोडी भर पडते. आई म्हणते, "आता त्येला सोताला बी खरं वाटतंय." एकदा अण्णा टपरीवर बसलेले असताना पलीकडच्या बाकावर काका कुणा पाहुण्याला हे रंगवून सांगत होते. अण्णांनी ऐकलं. चहा संपवला, कप ठेवला आणि चालू लागले. पाहुण्याने विचारलं, हे कोण? काका म्हणाले, "आमचं थोरलं भाऊ हायत. गव्याच्या केसमदी हुते." जणू लांबची कुठली गोष्ट.

काकांची मुलगी भरती झाली. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या. साक्षीमुळे नव्हे, स्वतःच्या धावण्यामुळे आणि मार्कांमुळे. तिला नेमणूक मिळाली ती सातारा जिल्ह्यातच. काकांनी खरं सांगितलं असतं तरी ती लागली असती, असं मला पक्कं वाटतं. हेच जास्त टोचतं. माणसाने फायद्यासाठी खोटं बोलावं, तर निदान फायदा तरी त्या खोट्याचा असावा.

मागच्या महिन्यात ती माझ्या घरी आली, साताऱ्याला. खाकी गणवेश, केस घट्ट बांधलेले, हातात पेढ्यांचा पुडा. मी दार उघडलं. ती दारातच थांबली. मी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, तुम्ही शिकवलेलं गणित पूर्ण आलं होतं पेपरात."

"बरं झालं."

मग म्हणाली, "मी बाबांना तसं बोलायला सांगितलं नव्हतं."

"खरं बोलायला सांगितलं होतंस का?"

तिने खाली बघितलं. गणवेशाच्या बाहीवरचा धागा ओढत राहिली. "मी लहान होते."

"तेवीस वर्षांची होतीस."

ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर मी विरघळले असते. म्हणाली, "आता मी असते त्या पंचनाम्याला, तर नीट लिहिलं असतं, ताई."

"आता त्याचा काय उपयोग?"

मी तिला पाणी दिलं. तिने अर्धा पेला प्यायला आणि गेली. पेढे टेबलावर ठेवून गेली. ते मी खालच्या वॉचमनला देऊन टाकले. तो म्हणाला, कसले पेढे? मी म्हटलं, एका मुलीला नोकरी लागली. तो म्हणाला, वा, चांगलं झालं. मी जिना चढून वर आले.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. ऊस अजून तुटायचा होता, कारखान्याची टोळी येत नव्हती, आईचे गुडघे दुखत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "ती आलती म्हणं तुझ्याकडं."

"आली होती."

"काय म्हणाली?"

"पेढे आणले होते."

"मग?"

"पाणी दिलं."

"च्या?"

"नाही दिला."

दारात आलेल्या माणसाला, मग तो पिकअपचा ड्रायव्हर असो की पंचनाम्याला आलेला रेंजर, चहा दिल्याशिवाय अण्णांनी कधी जाऊ दिलं नव्हतं. आम्हा भावंडांना लहानपणी त्यावरून धपाटे बसलेत. मी वाट बघत राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बरं केलंस," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.